स्मृतीची प्रश्नपत्रिका



वाचनालयाच्या चालकांनी बोलावताना सांगितलं होतं, "सर, या वेळी तत्त्वज्ञान जरा हलकं असू द्या." (हशा) आता जे आयुष्यभर शिकवलं ते हलकं कसं करायचं, हे मला निवृत्त होऊनही साधलेलं नाही. म्हणून आज मी ग्रंथ आणलाच नाही. एक कागद आणला आहे. एकच. आणि पुस्तकाची करतात तशी या कागदाची मी समीक्षा करणार आहे.

हा कागद म्हणजे स्मृती तपासण्याची प्रश्नपत्रिका. मेंदूच्या डॉक्टरांकडे कुणा म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलात तर ही किंवा हिच्यासारखी दुसरी एखादी समोर येते. मूळ इंग्रजी नाव मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टाइन, सुसान फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी ती प्रसिद्ध केली. एकूण गुण तीस. वेळ दहा मिनिटं. चोवीसच्या खाली गुण पडले की डॉक्टर सावध होतात. गेल्या पन्नास वर्षांत स्मृतिभ्रंशावर जगभर जे संशोधन झालं, त्यातल्या फार मोठ्या भागाची मोजपट्टी हीच. एवढं वजन एका कागदावर असेल तर तो बारकाईनं वाचलाच पाहिजे. आणि मला तर तो वाचायचं आणखी एक कारण आहे. आमच्या घरात हा कागद दोनदा आला, आणि दोन्ही वेळा चुकला. दुसऱ्या वेळी चुकला त्यात माझाही हात होता.

पहिल्या वेळेची गोष्ट आधी सांगतो. माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या वडलांच्या मोठ्या भावाची बायको. मला तिनंच वाढवलं. बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. तिचं वय तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सारं आयुष्य पानमळ्यात आणि पानपिंपरीच्या वाफ्यांत गेलं. थोडं कमी ऐकू यायचं, थोडं विसरायची. तपासणी शिबिरात तिला नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता, मुंबईकडचा असावा. त्यानं कागद काढला आणि विचारलं, "आजी, आज तारीख काय?"

मोठीमाय म्हणाली, "हे पाय बाबू, तारीख मी काहून ध्यानात ठेवू? मले का कोर्टात जा लागते?" (हशा)

शून्य गुण. तुम्ही हसलात, तो डॉक्टरही हसला, पण गुण शून्यच. परवा एकादशी आहे हे तिला ठाऊक होतं. ते त्यानं विचारलं नाही. मग विचारलं, ऋतू कोणता? तेव्हा आश्विन चालू होता. ती म्हणाली, "सोयाबीन निघून राह्यलं ना." तो बिचारा पेन धरून थांबला. त्याला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांतलं एक नाव हवं होतं. तिनं त्याहून नेमकं उत्तर दिलं होतं, पण ते रकान्यात बसेना. मग राज्य कोणतं? "वऱ्हाड." हेही चूक. आता या प्रश्नाकडे जरा बघा. तिच्या हयातीत अंजनगाव आपल्या जागेवरून तसूभर हललं नाही, पण राज्यं बदलली. तिचा जन्म मध्यप्रांत-वऱ्हाडातला. १९५० साली त्याचं मध्यप्रदेश झालं, १९५६ साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. सरकारनं तीनदा पाटी बदलली, तिनं पहिलं नाव धरून ठेवलं. याला विस्मरण म्हणायचं की स्मरण? पुढचा प्रश्न, आपण कितव्या मजल्यावर आहोत? मूळ कागदात तो आहे, कारण मूळ कागद मोठ्या इस्पितळासाठी लिहिलेला आहे. आमचं शिबिर होतं शाळेच्या व्हरांड्यात.

शंभरातून सात वजा करा, मग त्यातून सात, मग आणखी सात. ती म्हणाली, "कायचे शंभर?" या प्रश्नाला मी आजही मान देतो. पानांचे शंभर असते तर तिनं हिशेब केला असता; उभ्या आयुष्यात तिला कुणा व्यापाऱ्यानं फसवलेलं मला आठवत नाही. पण नुसते शंभर, कशाचेच नसलेले शंभर, हे शाळेत जन्माला येतात. रशियन मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना त्यानं तर्काची कोडी घातली, तेव्हा त्यांनीही असाच हिसका दिला होता. जे पाहिलं नाही त्याबद्दल आम्ही कसं बोलावं, असं त्यांचं म्हणणं. बुद्धी नव्हती असं नाही. कशावर तरी उभं राहिल्याशिवाय चालायची तिला सवय नव्हती.

शेवटी दोन पंचकोन एकमेकांत अडकलेले काढायचे होते. मोठीमायनं पेन्सिल हातात घेतली ती मुसळ धरावं तशी. जी बाई पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी एक रेघ न चुकता काढायची, तिला आकृती जमत नाही असा शेरा पडला. एकूण गुण तेरा. चिठ्ठीवर लिहून आलं, डिमेन्शियाची शक्यता, पुढील तपासणी करावी.

पुढील तपासणी राहिली बाजूला, चिठ्ठी मात्र घरात फिरली. मोठीमायच्या नावावर दोन एकर ओलीत होतं. घरातल्याच एकाला त्या चिठ्ठीत एकदम रस उत्पन्न झाला. म्हातारीचं डोकं चालत नाही असं आता डॉक्टरच म्हणतात, तेव्हा अंगठा घेऊन टाकू. मी वकिलाकडे गेलो. १८७२ च्या करार कायद्यात, बाराव्या कलमात, शुद्धीत असण्याचा अर्थ दिला आहे: व्यवहार करताना तो समजण्याची आणि आपल्या हिताच्या दृष्टीनं त्याचा परिणाम काय होईल हे ठरवण्याची क्षमता. त्यात तारखेचा प्रश्न नाही, पंचकोनही नाही. मोठीमायला व्यवहार पुरता समजत होता, म्हणून तर ती अंगठा द्यायला तयार नव्हती! (हशा) पुढं अमरावतीला कान तपासले. दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावर डॉक्टरांनी तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तर तिन्ही बरोबर. चार वर्षांनी ती गेली, तोवर कुणाकडे किती उसने आहेत हे घरात तिलाच पाठ होतं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, सर पाश्चात्त्य कागदावर टीका करायला आले. तसं नाही. याच कागदावर सगळ्यात कडक टीका तिकडच्याच आकड्यांनी केली आहे. १९९३ साली अमेरिकेत अठरा हजारांवर माणसांचे या परीक्षेतले गुण तपासून प्रसिद्ध झाले. रुग्णालयातली नव्हेत, वस्तीत राहणारी माणसं. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यमान गुण आला २९. पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६. आणि चार वर्षं किंवा त्याहून कमी गेलेल्यांचा २२. म्हणजे चोवीसची रेघ धरली तर कमी शिकलेल्या माणसांतली निम्म्याहून जास्त माणसं रेघेच्या खाली. हे अमेरिकेत, इंग्रजीत. मग आपल्याकडे काय होणार? नंतर १९९६ पासून आकार घेत गेलेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली मॉन्ट्रियलची चाचणी आली, ती जास्त बारीक आहे. पण तीही शाळेत न गेलेल्याला फक्त एक गुण वाढवून देते. एक! जणू शाळा म्हणजे ग्रेस मार्काचा विषय. त्यात चित्रं ओळखायची असतात सिंह, गेंडा आणि उंट. उंट आपल्याकडे मेंढ्यांच्या कळपाबरोबर काठेवाडी आणतात, तो ओळखीचा. गेंडा वऱ्हाडात कुणी पाहिला असेल तर हात वर करा. (हशा) बरं.

आता इथं मला माझ्या विषयाकडे यावं लागेल. चालक मंडळींनी क्षमा करावी. आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. एखादी गोष्ट नाही हे आपल्याला कशानं कळतं? जमिनीवर घट आहे हे डोळ्यांनी कळतं. जमिनीवर घट नाही हे कशानं कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात की त्यासाठी वेगळं प्रमाण आहे, अनुपलब्धी. म्हणजे न मिळणं. नैयायिक वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण एका अटीवर सगळ्यांचं एकमत आहे, आणि आज मला ती अटच हवी आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये भिंत नको. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत चाचपडून बाहेर आलेला माणूस घट नाही असं सांगू लागला, तर त्याचं सांगणं आपण धरत नाही.

प्रश्नपत्रिकेवर हीच अट लावा. उत्तर आलं नाही, म्हणून स्मृती नाही, असं केव्हा म्हणता येईल? स्मृती असती तर या प्रश्नाला, या भाषेत, या माणसासमोर, या कानांतून ती बाहेर आलीच असती, अशी खात्री असेल तेव्हा. मोठीमायच्या बाबतीत कान बंद, पेन्सिल परकी, भाषा पुस्तकी, शंभर कशाचे ते माहीत नाही. दिवाच लावलेला नव्हता. माझा आक्षेप परीक्षेवर नाही. अंधारात पाहून काढलेल्या निष्कर्षावर आहे.

दिवा लावून काम करणारी माणसं आपल्याच देशात झाली, आणि त्यांचं नाव मी आदरानं घेतो. दिल्लीजवळ हरियाणात बल्लभगड नावाचा भाग आहे. नव्वदच्या दशकात तिथं भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून खेड्यांतल्या वृद्धांचा अभ्यास केला. पंचावन्न वर्षांवरची ५,१२६ माणसं, त्यांतली ७३ टक्क्यांवर निरक्षर. त्यांनी इंग्रजी कागदाचं नुसतं भाषांतर केलं नाही. प्रत्येक प्रश्न मनाचं कोणतं काम तपासतो हे आधी पाहिलं आणि तेच काम तपासणारा दुसरा प्रश्न शोधला. शंभरातून सातऐवजी विसातून तीन. लिहिलेलं वाचून डोळे मिटा असं होतं, तिथं माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. एक वाक्य लिहा असं होतं, तिथं तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. लक्षात ठेवायचे शब्द आंबा, खुर्ची आणि नाणं. १९९५ साली ही हिंदी परीक्षा प्रसिद्ध झाली. मला विचाराल तर भाषांतर म्हणजे काय हे शिकवायला मराठी विभागांनी ही प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमाला लावावी. मराठीत नुसतं शब्दाला शब्द ठेवून काय होतं ते बघा. मूळ इंग्रजीत एका शब्दाची स्पेलिंग उलटी सांगायची असते. आपल्याकडे स्पेलिंग नाहीच. काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटलेली. 'दुनिया' उलटं सांगा म्हटलं तर 'यानिदु' होईल, आणि ते चची भाषा बोलणारं पोर पटकन सांगेल, आजी सांगणार नाही. त्यातून मेंदूबद्दल काहीच कळत नाही.

बल्लभगडच्याच अभ्यासातून आणखी एक कागद निघाला, तो मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात प्रश्न रुग्णाला नाहीत, घरच्यांना आहेत. जेवलो की नाही हे विसरतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? निरोप दिला तर पोचवतात का? गावात रस्ता चुकतात का? याचं तत्त्व वेगळं आहे. पहिल्या कागदात माणसाची तुलना गर्दीशी होते, दुसऱ्यात माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी. काल जी होती आणि आज जी आहे, त्या दोघींची. ऱ्हास हा शब्दच मुळी दोन टोकं मागतो. एकाच दिवशी, एकाच टोकाला मोजून ऱ्हास कसा दिसेल?

पण या दुसऱ्या कागदाला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार कोण यावर सगळं अवलंबून. दवाखान्यात कुणाला बसवतात? मुलाला. मुलगा पुण्याहून आलेला. तो म्हणतो, आई फोनवर छान बोलते की! ज्या सुनेनं दोनदा गॅस चालू राहिलेला बंद केला, ती बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसलेली. तिला कुणी आत बोलावत नाही. आणखी एक. जर्मनीत फ्रँकफर्टला १९०१ साली डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर नावाच्या बाईंना तपासलं, त्यावरूनच या रोगाला पुढं त्यांचं नाव मिळालं. त्यांनी बाईंना नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाईंनी स्वतःचंच नाव सांगितलं. त्या मुलाखतीच्या नोंदी वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. आता तोच प्रश्न आपल्याकडच्या नव्वदीच्या आजीला विचारा. ती पदर तोंडाला लावून गप्प बसेल. नाव आठवत नाही म्हणून गप्प, की घ्यायचं नाही म्हणून गप्प? हे ओळखायला मेंदूचं शास्त्र पुरत नाही, वऱ्हाड माहीत असावं लागतं.

आता दुसरी चूक. ही सांगणं मला सोपं नाही, पण तुमच्यातल्या कितीतरी जणी माझ्या पत्नीच्या विद्यार्थिनी आहेत आणि तुम्ही रस्त्यात भेटलात की "बाई कशा आहेत" विचारता, तेव्हा सांगतो.

सहा वर्षांपूर्वी तिच्या वागण्यात काहीतरी सैल पडू लागलं. आधी आमटीत मीठ नाही. मग फोडणीत हळद आधी, मोहरी नंतर. मी चिडायचो. एका मोठ्या शहरात तिला दाखवलं. तिनं तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवले! तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. तारीख, वार, राज्य, उलट मोजणी, सगळं चोख. डॉक्टर म्हणाले, वय आहे, ताण घेऊ नका. मी खूश. निकालपत्र घेऊन घरी आलो, अक्षरशः निकालपत्रासारखं जपलं.

त्याच वर्षी महालक्ष्म्या आल्या. आपल्याकडे तो स्वयंपाक केवढा असतो ते बायका जाणतात: पुरण, वडे, आंबील, कढी, सोळा भाज्या. पस्तीस वर्षं तिनं तो केलेला. त्या दिवशी सकाळी धाकटी जाऊ स्वयंपाकघरात गेली, तर ही चिरलेल्या भाज्यांमध्ये नुसती बसलेली. एकेक जिन्नस ओळखत होती, एकेकाची कृती विचारली तर सांगत होती. पण आधी काय आणि मग काय, हा धागा सुटला होता. जावेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, वहिनींचं काहीतरी बिघडलं आहे." आणि तत्त्वज्ञानाचा हा डॉक्टर तिला म्हणाला, "अठ्ठावीस गुण आहेत तिला."

मोठीमायच्या वेळी मी ज्या कागदाला खोटं ठरवायला वकिलाकडे गेलो, तोच कागद इथं मी पुराव्यासारखा पुढं केला. मला हवं ते तो म्हणत होता एवढंच. म्हणजे साक्षीदार नव्हता असं नाही. होता, बोलला, मी ऐकलं नाही.

यात शास्त्र काय ते सांगतो. शिकलेल्या माणसासाठी ही परीक्षा फार सोपी आहे. वरून बरंच गळलं तरी तिला पत्ता लागत नाही. शिवाय योजना करणं, क्रम लावणं, एक काम चालू असताना दुसऱ्याचं भान ठेवणं, ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं हा कागद जवळजवळ विचारतच नाही. दिवा होता, पण एकाच कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात सगळे घट जागेवर होते, म्हणून मी साऱ्या घराची ग्वाही दिली.

आणि आपल्या मराठी शब्दानंही मला चकवलं. स्मृतिभ्रंश. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, आणि तिथं क्रम असा की स्मृती आधी भ्रष्ट होते, बुद्धी त्यामागून जाते. मी तोच क्रम धरून बसलो होतो. स्मृती शाबूत आहे ना, मग चिंता नाही. हिच्या बाबतीत उलट झालं, बांधणी आधी सुटली, आठवणी नंतर गेल्या. रोग गीता वाचून येत नाही. दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा गुण एकवीस होते, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी या वेळी नुसते गुण पाहिले नाहीत. त्यांनी शब्दांची यादी दिली, मग आठवेनात तेव्हा खुणा दिल्या: एक फळ होतं, एक भांडं होतं. यामागंही एक बारकावा आहे. आपल्याकडे स्मृती आणि प्रत्यभिज्ञा वेगळ्या मानतात. आपणहून आठवणं एक, समोर आल्यावर हा तोच म्हणून ओळखणं दुसरं. खूण दिल्यावर आठवलं तर गोष्ट आत साठलेली आहे, फक्त काढता येत नाही. नैराश्यात असं पुष्कळदा होतं. खूण देऊनही आठवत नाही तेव्हा ती बहुधा साठलीच नव्हती, आणि अल्झायमरमध्ये नेहमी दिसतं ते हे. नैयायिकांनी केलेला भेद दवाखान्यात कामाला आलेला पाहून मला त्या स्थितीतही क्षणभर बरं वाटलं. माणूस मोठा विचित्र.

कुणी विचारेल, दोन वर्षं आधी कळून काय झालं असतं? औषधानं रोग परत जात नाही, थोडा सावरतो. बरोबर आहे. पण सगळेच विसरणारे अल्झायमरचे नसतात. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडून डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही माणूस असाच होतो, आणि ही कारणं वेळेवर सापडली तर पुष्कळदा सुधारता येतात. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरी बसवलेले किती जण यातले असतील! माझ्या घरी तसं काही निघालं नाही. तरी ती दोन वर्षं मला हवी होती. तेव्हा ती बोलू शकत होती. पुढं आपलं काय करावं, कुणाजवळ राहावं, आपली पुस्तकं कुणाला द्यावी, हे तिनं स्वतः सांगितलं असतं. आणि त्या दोन वर्षांत मी तिच्यावर जितका ओरडलो, तितका ओरडलो नसतो.

'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री झाले आहेत. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यानं त्यांनी ते फार जाणून केलं आहे. मुलगी खरेदीला उतरते, गाडीत बसलेल्या शास्त्रींना हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागं चालत निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते, कसलेही प्रश्न न विचारता. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट मोठाच आहे. पण माझी एक तक्रार आहे. शास्त्रींजवळ उरतं ते संस्कृत, आणि ते ऐकून आपण हेलावतो. उरलेलं सुंदर आहे म्हणून आपल्याला तो माणूस अजून माणूस वाटतो. जिच्याजवळ श्लोक नाहीत, फक्त पानांची मोजणी उरली आहे, तिचं काय? प्रश्नपत्रिकेनं शिकलेल्याला झुकतं माप दिलं, तसंच थोडं या चित्रपटानंही दिलं, असं मला वाटतं. तुम्ही सहमत नसाल तर नंतर भांडू.

आता रक्ताची तपासणी निघाली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पहिल्यांदा एका रक्तचाचणीला मान्यता दिली, पंचावन्न वर्षांवरच्या आणि लक्षणं असलेल्या माणसांसाठी. रक्तातल्या दोन प्रथिनांचं प्रमाण पाहतात. रक्ताला शाळा लागत नाही, म्हणून मला ती आधी फार न्याय्य वाटली. पण तिकडेच नन्सवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात सिस्टर मेरी नावाच्या बाई होत्या. एकशे एकाव्या वर्षापर्यंत चाचण्यांत उत्तम गुण, आणि मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर अल्झायमरच्या खुणा भरपूर. खुणा होत्या, रोग दिसत नव्हता. म्हणजे पुन्हा विचारायचं तेच: ही बाई कालच्यासारखी आहे का?

आपल्या देशात साठीवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना हा विकार असावा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. म्हणजे नेमका जिथं दिवा कमी तिथं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं निरक्षरांसाठीही वेगळी सोय असलेला चाचण्यांचा संच तयार केला, हे मोठं काम. तो आधी ज्या पाच भारतीय भाषांत झाला त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. आणि मराठी असती तरी कोणती? शिबिरातला डॉक्टर 'आठवतंय का' म्हणतो, आमची म्हातारी 'ध्यानात हाये का' म्हटल्यावर मान वर करते. इथून वर मेळघाटात चढलात की कोरकू. ती मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे, मुंडा कुळातली. चिखलदऱ्याच्या कोरकू आजोबांना आपण मराठीत शंभरातून सात वजा करायला लावणार आहोत काय? गंमत म्हणजे हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवलं, की दोन भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसतो, आणि निरक्षरांतही हा फरक राहतो. घरी कोरकू, बाजारात वऱ्हाडी, एसटीत हिंदी बोलणारा तो आजोबा त्या हिशेबानं श्रीमंत आहे. त्याची श्रीमंती मोजणारा कागद अजून लिहायचा आहे.

इथं महाविद्यालयातली मुलं बसली आहेत, म्हणून एक काम सुचवतो. घरात साठीवरचं जे माणूस असेल, त्याच्यासाठी एक वही करा. आज ते काय काय करतं ते लिहा. कोणता स्वयंपाक एकटीनं करते, बाजारातून किती जिनसा यादीशिवाय आणते, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं हे कसं सांगते, रांगोळी किती ठिपक्यांची. तारीख घाला. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. आणि लिहिताना मुलाला विचारू नका, सुनेला विचारा. उद्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ती वही टेबलावर ठेवा. चांगला डॉक्टर असेल तर तो आधी ती वाचेल आणि मग आपला कागद काढेल. माझ्याजवळ अशी वही नाही. अठ्ठावीस गुणांचा कागद आहे, तो अजून कपाटात आहे.

प्रश्नोत्तरं आज थोडक्यात घेऊ. शेजारच्या वहिनी घरी तिच्याजवळ बसल्या आहेत आणि त्यांना साडेसातला निघायचं असतं. हां, मागच्या रांगेत, बोला.